नियम ठाऊक नसल्याची सही

प्रकाश धारपांनी अमेरिकेत कधी पाऊल टाकलं नाही आणि तिकडचा तो फुटबॉलही कधी हातात धरला नाही. तरी त्या खेळाचे नियम त्यांना असे पाठ, की झोपेतून उठवून विचारावं आणि त्यांनी पान नंबरासकट सांगावं. माणूस मूळचा चिंचवडचा. दुबईत आला तो कॉम्प्युटरवर आकडे भरायला, आणि नशिबी आकडे आले ते अमेरिकेतल्या फुटबॉलचे. नाव फुटबॉल, पण पाय लागतो क्वचित. चेंडू दोन्हीकडून निमुळता. तो छातीशी धरून एकानं पळायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या अंगावर पडायचं. सुहासिनीनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, पडद्यावर पहिल्यांदा बघितलं तेव्हा विचारलं होतं, "अहो, ह्यांना कुणी सोडवत कसं नाही?"

ऑफिस दुबईच्या सिलिकॉन ओएसिस भागात, चौथ्या मजल्यावर. तिथं वीस-बावीस पोरं पडद्यांपुढे बसायची. सामना अमेरिकेत चालायचा आणि प्रत्येक घटनेला इथं एक बटण दाबलं जायचं. कोण किती पळाला, कोण पडला, गुण किती झाले. ते आकडे तिथून पुन्हा अमेरिकेत जाऊन लोकांच्या फोनवर वाजायचे. मैदानात बसलेल्या माणसाच्या खिशात जो आकडा वाजतो, तो चिंचवडच्या एका गृहस्थानं दुबईतून पाठवलाय, हे त्या बापड्याला कुठून कळणार!

दर ऑगस्टमध्ये नव्या मोसमाचं नियमांचं पुस्तक यायचं. ऑफिसातली पोरं ते फोनवर उघडायची आणि तसंच मिटायची. प्रकाशराव मात्र स्वतःच्या पैशानं ते छापून घेत, शाळेच्या पुस्तकासारखं त्याला खाकी कव्हर घालत आणि लाल पेन्सिल घेऊन बसत. गेल्या वर्षीपेक्षा काय बदललं त्याला खूण. सतरा वर्षांत एकदाही चुकले नाहीत. बढती मिळाली नाही ती नाहीच. इंग्रजी बोलायला लागले की घशात काहीतरी अडकायचं, आणि मीटिंगमध्ये बोलणाऱ्याचंच चालतं. पण नियम अडला की मॅनेजरसुद्धा म्हणायचा, "काकांना विचारा." तेवढ्या दोन शब्दांवर माणूस सतरा वर्षं खूश होता. दुसऱ्या कुणाला तेवढ्यावर भागवून दाखवा म्हणावं.

आता तो नियम सांगायला हवा, कारण सगळं रामायण त्याच्यावरूनच झालं. अवघड काही नाही. सामना बरोबरीत सुटला की जादा वेळ खेळवतात. नाणं उडवतात, जिंकणारा शक्यतो आधी चेंडू घेतो. जुना नियम असा होता, की पहिल्याच फेरीत त्यानं चेंडू रेषेपलीकडे नेला, म्हणजे टचडाउन केलं, की सामना खलास. दुसऱ्याला चेंडूला हात लावायलाही मिळत नसे. म्हणजे घरात दोन जावा भांडल्या, तर जी आधी सासूकडे जाऊन रडली तिचं खरं, दुसरीनं तोंडही उघडायचं नाही. मग एका वर्षी प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाच्या शेवटच्या बाद फेरीत, एक चांगला संघ असाच नुसता बाकावर बसून घरी गेला. लोकांनी गिल्ला केला. तेव्हा ठरलं, की प्लेऑफमध्ये तरी दोघांनाही एकेकदा चेंडू द्यायचा. मोसमातल्या साध्या सामन्यांना मात्र तेव्हा जुनाच नियम ठेवला. म्हणजे तेच टचडाउन, पण डिसेंबरात झालं तर सामना संपला आणि जानेवारीत झालं तर संपला नाही. प्रकाशरावांनी ह्या जागी लाल पेन्सिलीनं दोनदा रेघ ओढली होती.

हे घडलं ते दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत, सोमवारी सकाळी. अमेरिकेत रविवारची रात्र, प्लेऑफचा सामना. लाल कपड्यांचा संघ आणि निळ्या कपड्यांचा संघ, चार डाव खेळून बरोबरीत. पावणेसातला नाणं उडालं, लाल जिंकले, चेंडू लालांनी घेतला.

प्रकाशरावांची नजर एकदा पडद्यावर, एकदा घड्याळावर. त्यांच्या मुलीची, अवनीची, त्या दिवशी बारावीची फिजिक्सची प्रॅक्टिकल परीक्षा होती. शाळा ऊद मेथाला, पावणेआठला हजर व्हायचं. आदल्या दिवशी सुहासिनी म्हणाली होती, "टॅक्सीनं पाठवते. पन्नास दिऱ्हम जातील, म्हणजे अकराशे रुपये. जाऊ देत." पण प्रकाशराव म्हणाले होते, मीच सोडणार. सामना साडेसहाला संपतो, सातला मी घराखाली. सामना लांबेल हे त्यांच्यासारख्या माणसाच्या लक्षात येऊ नये, ह्याला काय म्हणावं. बाप झाला की शहाणपण थोडं कमीच होतं.

फोन वाजला. "बाबा, आय ॲम डाउनस्टेअर्स. व्हेअर आर यू?"

"आलोच गं, पाच मिनिटं."

शेजारच्या खुर्चीत निनाद होता. तो ह्यांच्या पुण्यातल्या मित्राचा मुलगा. तीन वर्षांपूर्वी ह्यांनीच चिठ्ठी देऊन त्याला इथं चिकटवला. जागा मिळेपर्यंत सहा महिने ह्यांच्याच हॉलमध्ये गादी टाकून राहिला, सुहासिनीच्या हातच्या पोळ्या खाल्ल्या. आता शिफ्टचा प्रमुख झाला होता, कारण त्याच्या घशात काही अडकत नसे.

प्लेऑफमध्ये सामना संपल्याचं बटण, ते 'फायनल', दाबायचा अधिकार एकट्या प्रकाशरावांच्या लॉगिनला. अमेरिकेतल्या क्लायंटनं परीक्षा घेऊन तो दिलेला. पण माणूस चहाला जातो, संडासला जातो. मग काय, पासवर्ड सगळ्या खोलीला माहीत. मॅनेजर मुश्ताकलाही माहीत. कागदावर गुन्हा आणि रोजच्या कामात सोय, अशी ती गोष्ट होती.

प्रकाशराव उठले. "निनाद, माझ्या जागेवर बस. आणि ऐक, आजचा नियम वेगळा आहे. लालांनी टचडाउन केलं तरी बंद करायचं नाही. निळ्यांनाही चेंडू मिळणार."

"काका, आय नो. तुम्ही जा, यल्ला, निघा."

"नाही, लक्षात राहू दे—"

"अहो काका, मी काय कालचा आहे का?"

चहावाला वली तेव्हा कप गोळा करत होता. तो हसला. "जावा प्रकाशभाई, पोरगी वाट बघते."

सहा एक्कावन्नला प्रकाशराव गेटबाहेर पडले. सात वाजून दोन मिनिटांनी लालांनी टचडाउन केलं, पडद्यावर लाल कपडेवाले नाचले, आणि निनादनं त्या सगळ्या मोसमात जसं दाबलं होतं तसंच फायनल दाबलं.

अमेरिकेत लाखो फोन वाजले, लाल जिंकले. लोकांनी मिठ्या मारल्या, कुणी रडले. आणि मैदानावर मात्र निळ्यांनी शांतपणे चेंडू घेतला, तेही रेषेपलीकडे गेले आणि वर एक गुण जास्त काढून सामना जिंकले. निनादनं तोवर फायनल मागे घेतलं होतं, पण वाजलेले फोन कुठं परत येतात!

प्रकाशरावांना ह्यातलं काही ठाऊक नाही. अवनीला शाळेच्या दारात सोडलं, "घाबरू नकोस" म्हणाले, तिनं "बाबा, चिल" म्हटलं. परत येताना रस्ता तुंबलेला. त्या तासाभरात निनादनं मुश्ताकला मेल लिहिली होती. लांबलचक मेल. त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं, बघा. 'फायनल प्रकाश सरांच्या लॉगिनवरून गेलं. जादा वेळेच्या नियमाबाबत टीममध्ये गोंधळ होता. मी लगेच दुरुस्ती केली.' कुणी दाबलं, तेवढं फक्त लिहायचं राहिलं.

मुश्ताक महाडचा. ऑफिसात हिंदी-इंग्रजी, पण प्रकाशरावांशी नेहमी मराठीत. त्यानं त्यांना केबिनमध्ये घेतलं आणि दार लावलं.

"प्रकाशभाऊ, काय केलंत हे?"

"मी? मी तर इथं नव्हतोच. माझं गेटचं कार्ड बघा. सहा एक्कावन्न."

"बघितलं. म्हणून तर दार लावलंय." मुश्ताकनं कपाळ चोळलं. "आता नीट ऐका. तुम्ही नव्हता, असं मी क्लायंटला लिहिलं, तर ते विचारणार, मग ह्यांच्या लॉगिनवर होतं कोण? पासवर्ड दुसऱ्याला दिला म्हणजे सरळ बडतर्फ. तुम्ही जाणार. दाबणारा जाणार. आणि मला माहीत होतं असं निघालं तर मी पण."

"तुम्हाला माहीत होतंच की."

"होतं. पण मला माहीत नव्हतं असं मला लिहावं लागेल." हे त्यानं खाली बघून म्हटलं. निदान तेवढी लाज होती. "दुसरा मार्ग आहे. तुम्हीच दाबलंत असं लिहा. माणूस आहे, चुकतो. एक वॉर्निंग लेटर, प्लेऑफच्या डेस्कवरून काही दिवस बाजूला. नोकरी राहील, व्हिसा राहील."

"आणि मी का चुकलो, काय लिहू? डोळा लागला होता?"

"झोपेचं नको, तो निष्काळजीपणा होतो. क्लायंटला रूट कॉज लागतं. लिहा, की प्लेऑफमधल्या जादा वेळेचा नियम बदललाय हे तुम्हाला माहीत नव्हतं. अज्ञानाला शिक्षा कमी असते. ट्रेनिंग दिलं की मिटतं."

प्रकाशराव खुर्चीत बसले होते, तरी त्यांनी टेबलाची कड धरली. चोरीचा आळ घेतला असता तर चालला असता, इतकं ते वाक्य त्यांच्या जिव्हारी लागलं. "मुश्ताकभाई, तो नियम ह्या मजल्यावर मी सगळ्यांना शिकवलाय. तुम्हालासुद्धा."

"ते मला ठाऊक आहे हो."

"मग तुम्ही तरी विचारा निनादला, माझ्यासमोर."

"विचारलं तर तो सांगेल, आणि सांगितलं की लिहावं लागेल. उद्या दुपारपर्यंत कागद द्या. हाताने लिहिलेला."

बाहेर पॅन्ट्रीच्या दारात वली उभा होता. त्याला न सांगता सगळं कळायचं. "प्रकाशभाई, माझ्या कानांनी ऐकलंय मी. तुम्ही त्याला बोललात, टचडाउन झालं तरी बंद करू नको म्हणून. बोलू जाऊन सायबाला?"

"तुला टचडाउन म्हणजे काय ते माहीत आहे का वली?"

"नाय. पण बंद करू नको म्हणजे काय ते म्हायतंय." तो रत्नागिरीकडचा, बोलायला फटकळ. "त्या पोराला नाय कळलं, मला कळलं."

प्रकाशरावांना हसू आलं आणि तिथंच विरलं. वलीचा व्हिसा सफाई-चहाचं कंत्राट घेणाऱ्या कंपनीचा. त्यानं तोंड उघडलं असतं तर दुसऱ्या दिवशी चहा द्यायला दुसराच माणूस आला असता. "राहू दे," ते म्हणाले. "चहा दे एक."

घरी सुहासिनी मेथी निवडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि जुडी टेबलावर आपटली. "नाव घ्या त्याचं! नावानिशी सांगा! सहा महिने माझ्या हॉलमध्ये लोळला. त्याला पोळीवर तूप लागायचं, मी घरातलं तूप संपवलं त्याच्यावर. आणि आता गप्प बसतोय?"

"नाव घेतलं तर तो जाईल. पण मीही जाईन."

"तुम्ही का? तुम्ही काय केलंत?"

"पासवर्ड दिला."

 आत अवनी मैत्रिणीशी फोनवर बोलत होती, प्रॅक्टिकल सोपं गेलं म्हणून हसत होती. पंधरा दिवसांवर तिचे पेपर होते. व्हिसा बापाच्या नोकरीवर, घर व्हिसावर. नोकरी गेली तर देश सोडायला कायदा महिना-दोन महिने देतो, पण बारावीच्या पोरीनं अभ्यास करायचा की सामान बांधायचं? आणि सत्तावन्न वर्षांच्या माणसाला, ज्याला जगात एकच गोष्ट येते आणि तीही दुसऱ्यांच्या देशातल्या खेळाची, कोण नवी नोकरी देणार?

सुहासिनीनं पुन्हा मेथी हातात घेतली. "काय लिहायला सांगतात?"

"मला नियम माहीत नव्हता."

"एवढंच ना?" ती म्हणाली. मग त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि तिला कळलं की एवढंच नाही. पण बोललेलं वाक्य तिनं मागे घेतलं नाही. घ्यायची सोय नव्हती. "अवनीला काही बोलू नका पेपर होईपर्यंत," एवढं म्हणून ती पानं खुडत राहिली. पानं वाटीत पडत होती की कचऱ्यात, तिकडे लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये निनाद गाठ पडला. गाठ पडला म्हणजे थांबूनच होता.

"काका, मी पॅनिक झालो. हॅबिटनं बोट गेलं. बायकोचा व्हिसा परवाच स्टॅम्प झालाय, मुग्धा पुढच्या आठवड्यात येतेय. नोकरी गेली असं मला सांगता आलं असतं का तिला?"

"मी तुला सांगितलं होतं, निनाद."

"हो."

"तू म्हणालास, आय नो."

"हो काका. आठवतंय मला." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, खोटं नव्हतं ते. "पण मेलमध्ये कसं लिहू?" आणि मग, समजूत घालावी तसं, "तुम्ही तर एवढे सीनियर. सगळ्यांना माहितीये तुम्हाला नियम येतात. एका कागदानं तुम्हाला काय फरक पडतो?"

प्रकाशरावांनी त्याला शिवी दिली नाही. द्यायला हवी होती. निदान जेवण तरी गेलं असतं त्या दिवशी. ते लिफ्टकडे गेले आणि लिफ्ट न घेता जिन्यानं चढले.

कागद त्यांनी मुश्ताकच्या टेबलावरच लिहिला. अक्षर वळणदार, मोत्यासारखं. 'प्लेऑफमधील जादा वेळेचा बदललेला नियम मला ठाऊक नव्हता, त्यामुळे ही चूक माझ्याकडून झाली.' इंग्रजीत लिहिलं, आणि त्यांच्या इंग्रजीत एकही चूक निघाली नाही. मुश्ताकनं वाचून कागद कपाटात ठेवला. "प्रकाशभाऊ, तुमचे उपकार आहेत."

"उपकाराचं पण लिहून द्या एका कागदावर," प्रकाशराव म्हणाले.

मुश्ताकला वाटलं चेष्टा. तो हसला.

मोसमातला सगळ्यात मोठा सामना आला, तेव्हा ह्यांच्या खुर्चीत निनाद बसला आणि प्रकाशराव कोपऱ्यात, कुठल्याशा कॉलेजच्या पोरांच्या बास्केटबॉलचे आकडे भरत. कुणी "काकांना विचारा" म्हटलं नाही. म्हणजे एकदा एकानं म्हटलं, आणि शेजारच्यानं त्याला कोपरानं ढोसलं. ऑफिसात गोष्ट हां-हां म्हणता पसरते, पण पसरताना तिच्यातलं खरं तेवढं गळून जातं. निम्म्यांना वाटलं काकांचं वय झालं. उरलेल्यांना खरं काय ते माहीत होतं, आणि ते काकांशी पूर्वीपेक्षा जास्त गोड बोलू लागले, ते तर त्याहून वाईट.

मार्चमध्ये, अवनीचे दोन पेपर राहिले होते तेव्हा, ते ट्रेनिंग आलं. क्लायंटनं कबूल करून घेतलेलं. मीटिंग रूममध्ये दहा-बारा जण. नवीन भरती झालेली पोरं आणि त्यांच्यात एकटे पांढऱ्या केसांचे प्रकाशराव. शिकवायला निनाद. पडद्यावर पानं सरकू लागली तशी प्रकाशरावांनी ओळखली. त्यांनीच तीन वर्षांपूर्वी, रमझानात काम कमी असताना, आठ दिवस खपून केली होती. बाण त्यांचे, चौकटी त्यांच्या. खालचं नाव तेवढं पुसलेलं.

जादा वेळेचं पान आलं. निनादनं ते घाईघाईनं वाचलं आणि पुढे जाणार, तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर केला. इनाया तिचं नाव, शारजाहून यायची, महिनाच झाला होता लागून.

"सर, पण हा नियम का बदलला? पहिल्यानं स्कोअर केला तर केला. दुसऱ्याला चान्स कशाला द्यायचा? तो तर हरलाच ना?"

निनादला उत्तर येत नव्हतं. नियम त्याला आता पाठ झाला होता, पण तो कशासाठी केला हे कुठल्याच पानावर नव्हतं. सवयीनं त्याची नजर मागे गेली. "ते... काका, तुम्हीच सांगा ना. यू आर द बेस्ट पर्सन."

सगळ्या माना मागे वळल्या.

प्रकाशरावांना उत्तर येत होतं. त्या वर्षीचा तो सामना त्यांनी स्वतः भरला होता. बाकावर बसून राहिलेल्या त्या संघातला एक धिप्पाड गडी टोपी डोळ्यांवर ओढून कसा उठला होता, तेही त्यांना आठवत होतं. सांगायला लागले असते तर घसा अडकला नसता. इनाया पेन उघडून वाट बघत होती. चांगली पोर होती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मला नको विचारूस बाळा," प्रकाशराव म्हणाले. "मला तो नियम माहीत नाही. सहीनिशी लिहून दिलंय मी. मुश्ताकसाहेबांच्या कपाटात कागद आहे, बघायचा तर बघ."

दोघं-तिघं हसले, काका विनोद करतात म्हणून. इनाया हसली नाही. ती एकदा त्यांच्याकडे आणि एकदा निनादकडे बघत राहिली. निनादनं बटण दाबून पुढचं पान आणलं.

शेवटी वीस प्रश्नांची परीक्षा झाली. प्रकाशरावांना वीसपैकी वीस मिळाले. मुश्ताकनं त्यांचा निकाल तातडीनं अमेरिकेला पाठवला, आणि तिकडून दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं, की ट्रेनिंगचा ह्या कर्मचाऱ्याला फारच चांगला उपयोग झालेला दिसतो, ज्यांनी ते दिलं त्यांचं आमच्या वतीनं अभिनंदन करावं.